नळ्या उलगडणारी दीक्षा

निमोण्यात म्हाळू ओव्हाळांची दीक्षा नेमकं काय काम करते, हे कुणालाच धड सांगता यायचं नाही, आणि सगळ्यात कमी खुद्द म्हाळूंना. रांजणगावच्या एमआयडीसीत पंचवीस वर्षं हेल्परकी करून ते घरी बसले होते. जे हाताला लागतं, ज्याचा आवाज येतो, ते काम त्यांना कळायचं. लेक मात्र खराडीच्या एका कंपनीत. आठवड्यातले दोन दिवस तिकडं, बाकीचे दिवस घरातच कॉम्प्युटरसमोर. एकदा त्यांनी नेटानं विचारलं, "बाळ, तू करती तरी काय?" बापाला सोपं जावं म्हणून दीक्षानं सांगितलं, "पप्पा, मी नळ्यांचं काम करते."

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारची सगुणाबाई गळका नळ हातात घेऊन दारात उभी.

खरं काम असं होतं. कॉम्प्युटरवरच्या खेळात जो माणूस पळतो त्याचा हात, त्याचा पाय, सापाचं अंग, हत्तीची सोंड, हे सगळं म्हणजे बारीक बारीक त्रिकोण एकमेकांना चिकटवून केलेलं जाळं असतं. आत काही नाही, पोकळ. त्या जाळ्यावर कातडी चढवायची, खवले चढवायचे, तर सपाट चित्र गोल अंगावर बसवावं लागतं. त्यासाठी आधी नळीला उभी चीर द्यायची, ती उलगडून सपाट करायची आणि प्रत्येक बिंदूला दोन आकडे द्यायचे: नळीभोवती तू किती फिरलास आणि नळीच्या लांबीवर किती पुढं गेलास. सांगायला दोन ओळी. पण नळी कुठं फुगीर असते, कुठं निमुळती, कुठं वाकडी. सपाट होताना ती कुठंतरी ताणते, कुठंतरी आक्रसते आणि चिरेपाशी चित्राचं डावं टोक उजव्या टोकाला मिळेनासं होतं. कंपनीत याला पॅरामीटरायझेशन म्हणत. टीममधल्या इतरांकडं चेहरे होते, हाताचे पंजे होते. नळ्या दीक्षाकडं होत्या.

चार वर्षं हेच करून तिच्या डोळ्यांना खोड लागली होती. मंडईत पडवळ दिसलं की ती थांबायची. आईनं, म्हणजे ललितानं, भाजी आणायला पाठवणं सोडून दिलं होतं, कारण ही बाई पडवळ घेऊन यायची आणि भाजी चिरायच्या आधी त्यावर पेनानं रेघ मारून ठेवायची.

मागच्या दिवाळीनंतर दौंडचं एक स्थळ आलं. मुलाच्या मामांनी विचारलं, "मुलगी काय करते?" म्हाळू घसा खाकरून म्हणाले, "नळ्या उलगडती." मामांनी विचारलं, "म्हणजे पाणीपुरवठा खात्यात का?" ते स्थळ पुढं सरकलं नाही. दीक्षाला त्याचं वाईट वाटायला हवं होतं. पण मुलाच्या चौकडीच्या शर्टाच्या बाहीवर शिवणीपाशी एकही चौकडी जुळत नव्हती आणि चहा संपेपर्यंत तिला दुसरं काही दिसलंच नव्हतं. तिला सुटल्यासारखंच झालं.

अशा दीक्षाकडं एका रविवारी सर्जेराव आप्पा आले.

आप्पा म्हणजे गावातली मोठी असामी. ऊस, कांदा, दोनदा सोसायटीचे चेअरमन, आणि या सगळ्याच्या वर बैलगाड्याचा नाद. शर्यतीच्या घाटात, त्या चढाच्या धावपट्टीवर, आप्पांचा गाडा सुटला की लोक हातातला वडापाव तसाच धरून बघायचे. दोन वर्षांपूर्वी आप्पांचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. कुणी विचारलं की आप्पा सांगायचे, "घाटात गाडा अंगावर आला." आतून त्यांची बायको साखरबाई सांगायच्या, "गाडा न्हाई, स्कुटी. दाढी-कटिंगला चालले हुते." स्कुटी घसरली, जखम चिघळली आणि जे व्हायचं ते झालं. आप्पांनी घाटातली आवृत्ती सोडली नाही आणि साखरबाईंनी स्कुटीची.

पुण्याच्या एका शिबिरात आप्पांना कृत्रिम पाय मिळाला. पाय चांगला होता. आत नळी, वरून फोमची पोटरी, चालायला हलका. दोष एकच: तो गोरा होता. आप्पा साठ वर्षं उन्हात भाजलेले आणि हा पाय दुधात भिजवून काढल्यासारखा. पारावर कुणीतरी म्हणालं, "आप्पांचा एक पाय निमोण्याचा, दुसरा कोरेगाव पार्कचा." आप्पा सगळ्यांबरोबर हसले. दुसऱ्या दिवसापासून धोतर घोट्यापर्यंत ओढून घ्यायला लागले आणि घाटात जायचे बंद झाले. बैल पोरानं सांभाळले, गाडा पळत राहिला. आप्पा फक्त फोनवर विचारायचे, किती सेकंद?

ललिता साखरबाईंचे ब्लाऊज शिवायची. माप देताघेता ती एकदा बोलून गेली की, आमची दीक्षा कॉम्प्युटरमध्ये पायांवर कातडी चढवते. तेवढं पुरलं.

"म्हाळू! ए म्हाळू!" आप्पांनी रस्त्यावरून हाक मारली. ही त्यांची जुनी रीत. ते म्हाळूंपेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठे, पण काम असलं की रस्त्यात उभं राहायचं, हाक मारायची, आणि म्हाळूंनी तीन पायऱ्या उतरून खाली जायचं. आज म्हाळू चप्पल शोधेपर्यंत दीक्षा दारात आली.

"आप्पा, काम कुणाकडं आहे?"

"तुझ्याकडंच, पोरी. त्ये पायाचं."

"मग वर या. कॉम्प्युटर रस्त्यावर येत नाही."

आप्पांनी तीन पायऱ्यांकडं पाहिलं. एवढ्या वर्षांत त्या त्यांनी कधी मोजल्या नव्हत्या. म्हाळूंनी हात पुढं केला. आप्पांनी तो धरला, वर आले आणि बाबासाहेबांच्या तसबिरीखाली जी खुर्ची होती तीवर बसले. ललितानं चहा आणला. आप्पांनी तो बशीत ओतून, फुर्र करून, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. या घरातला हा त्यांचा पहिला चहा. ललितानं कप उचलताना लेकीकडं एकदा बघितलं, एवढंच.

"ह्याला माझ्यावानी रंग दे," आप्पा धोतर वर करून म्हणाले. "लई गोरा हाय. लोकं बोलत्यात."

"एवढंच ना? ताणाच्या कापडाचं कव्हर करू, तुमच्या रंगाचं. मोज्यासारखं वर चढवायचं."

काम तिथंच संपलं असतं. पण आप्पांची नजर कॉम्प्युटरकडं गेली. पडद्यावर एक अजगर वेटोळं घालून बसला होता, अंगभर नक्षी, कुठं म्हणून ती तुटली नव्हती.

"ह्यो कुणी रंगवला?"

"मी. म्हणजे, नक्षी अंगावर बसवली मी."

आप्पा बराच वेळ अजगर बघत बसले. मग हळू आवाजात म्हणाले, "मग माझा गाडा बसंल का गं? बादल, वजीर, राणा, तुफान. चारी बैलांना पळवायला फुडं घोडी. घोडीवर खंडू. आमच्या वट्यावर फ्लेक्स हाय बघ, तसा."

दीक्षा "बसेल की" म्हणाली. अजगर, सोंडा, ड्रॅगनची शेपटी, सगळं करून बसलेली बाई. निमोण्याच्या एका पोटरीला ती काय भ्यायची? पुढचे तीन आठवडे तिला या दोन शब्दांचा पश्चात्ताप होत राहिला.

आधी पायाचं माप घ्यायचं होतं. आप्पांच्या अंगणात तिनं पाय स्टुलावर ठेवायला लावला आणि फोनचा कॅमेरा रोखून त्याच्याभोवती हळूहळू फिरायला लागली. पाच फेऱ्या झाल्या तेव्हा साखरबाई बाहेर आल्या. "आगं, वडाला बी सातच घालत्यात. किती घालणार हायेस?" दीक्षानं आठ घातल्या.

कॉम्प्युटरवर पाय उमटला तो त्रिकोणांच्या जाळ्याचा. आप्पांनी तो बघितला आणि म्हणाले, "ह्यो पाय न्हाई. ही कांद्याची जाळीची गोणी हाय." दीक्षानं खालचं पाऊल कापून टाकलं, वरचं गुडघ्याजवळचं टोक मोकळं केलं. उरली दोन्ही तोंडं उघडी असलेली नळी, वर फुगीर, खाली निमुळती, मध्ये जराशी वाकलेली. आप्पांना आपला पाय पडद्यावर कापलेला बघून काय वाटलं असेल, हे तिच्या नंतर लक्षात आलं. त्यांनी फक्त विचारलं, "दुखत न्हाई न्हवं त्याला?" आणि स्वतःच हसले.

पहिल्या आठवड्यात तिनं सोपा मार्ग धरला. मागच्या बाजूनं उभी चीर, आणि भोवतालचं माप सगळीकडं सारखं धरून चित्र गुंडाळलं. पोटरी छत्तीस सेंटिमीटर, घोटा बावीस. वरचे दोन बैल आडवे ताणले गेले, खालचे दोन दाबले गेले. आप्पांनी चष्मा लावून बघितलं.

"ही वरची म्हस हाय का?"

"बादल आहे, आप्पा."

"आन् खाली बोकडं?"

दुसऱ्या आठवड्यात तिनं दुसरी रीत लावली. हिच्यात कोपरे बिघडत नाहीत. डोळा डोळ्यासारखा, शिंग शिंगासारखं. पण त्याची किंमत अशी की नळी जिथं जाड तिथं चित्र मोठं, बारीक तिथं लहान. लॅपटॉप त्यांच्याच वट्यावर नेऊन दाखवला तेव्हा आप्पा म्हणाले, "बैल झ्याक हायती. पर राणा एवढाच का? वजीर आन् राणा एका दावणीचं, एका वयाचं. राणा काय उपाशी ठिवलाय का म्या?" साखरबाईंनी आतून आवाज दिला, "पेंडीचा खर्च तरी वाचला."

मग दीक्षा इरेला पेटली. तिनं मोठेपणही सांभाळलं, आकारही सांभाळला, थोडं इकडं सोडलं, थोडं तिकडं धरलं, आणि चिरेच्या दोन्ही कडा अशा जुळवल्या की शिवण कुठं आहे ते बोट ठेवून सांगता येऊ नये. चारी बैल एका उंचीचे, एका ओळीत, पायाभोवती गोल धावतायत. पुढं घोडी, तिच्यावर खंडू, फेट्याचा शेमला उडतोय. इतकं बिनचूक काम तिनं कंपनीतसुद्धा केलं नव्हतं. तिनं स्वतःवर खूश होऊन आप्पांना बोलावलं. या वेळी आप्पा हाक न मारता वर आले.

पडद्यावर पाय हळूहळू फिरत होता. आप्पा बघत होते. बैल गेले, घोडी आली, घोडी गेली, मग गाडा आला.

"थांब," आप्पा म्हणाले. "उलटं फिरीव."

तिनं उलटं फिरवलं.

"घोडी गाड्याच्या मागं हाय."

"नाही आप्पा, पुढं आहे. हे बघा, बैलांच्या पुढं."

"बैलांच्या फुडं हाय, पर गाड्याच्या मागं बी हाय. हितनं बघ की. गाडा फुडं पळतुया आन् खंडू मागनं त्याला धरायला निघालाय. लोकं म्हणत्याल, आप्पाच्या गाड्यानं घोडीला मागं टाकली."

"मग चांगलंच की."

"चांगलं?" आप्पांचा आवाज चढला. "आगं, घोडी फुडं नसली तर बैल कुणाच्या मागं पळायचं? पोरी, तू हिथं जन्मलीस ना?"

आप्पांचं म्हणणं खरं होतं. सपाट चित्राला पुढचं टोक असतं, मागचं टोक असतं. गोल नळीवर पुढचाच शेवटी मागचा होतो. चार वर्षं ती याच गोष्टीच्या बळावर चित्रं जोडत आली होती आणि हीच गोष्ट तिला खंडूच्या घोडीवरनं अडवत होती.

"मध्ये मोकळी जागा सोडू," ती म्हणाली. "धूळ दाखवू."

"मंग बैल बारकं हुतील."

ते तर होणारच होतं. आप्पा कुरकुरत बसले. धोतराचा सोगा झटकत म्हणाले, "आन् दुसरं. घाट असा सपाट कुठं असतुया? घाट चढाचा असतुया. ह्ये तर एसटी स्टँडभवती फिरल्यावानी—"

"आप्पा, जरा गप बसा."

सोसायटीच्या सभेतसुद्धा आप्पांना असं कुणी म्हणालं नव्हतं. पण दीक्षाला आपण काय बोललो याचं भान नव्हतं. तिनं टेबलावरचा कागद ओढला, त्याची सुरळी केली आणि तिच्यावर पेनानं तिरकी रेघ ओढायला लागली. खालून सुरुवात, एक वेढा, दुसरा वेढा, वरच्या कडेला शेवट. मग रेघेवर कात्री चालवली. सुरळी पायऱ्यापायऱ्यांनी सुटत एका लांब तिरक्या पट्टीसारखी तिच्या हातात आली.

दोन वर्षांपूर्वी तिनं हे कंपनीत मांडलं होतं. नळीला उभी चीर कशाला, पिळाची देऊ. पट्टी अरुंद होते आणि अरुंद पट्टी सपाट करताना फारशी ताणत नाही. तिची वरिष्ठ समृद्धी हुशार बाई होती, पण तिला सोमवारी काम पाठवायचं असायचं. "छान आहे गं, पण आपल्याला लागतंय कुठं?" एवढ्यावर ते राहिलं होतं. दीक्षालाही तेव्हा पटलं होतं की कुठंच लागत नाही.

"आप्पा," ती म्हणाली, "घाट घोट्यापासून सुरू होईल आणि गुडघ्यापर्यंत चढेल. पायाला दोन वेढे. गाडा खालच्या वेढ्यावर, घोडी वरच्या. घोडीला मागं कुणी टाकू शकणार नाही, कारण ती वर आहे. आणि शिवण घाटाच्या कडेनं जाईल, एकाही बैलाच्या अंगावरनं नाही."

आप्पांना पिळाचं काही कळलं नाही, पण चढ कळला. "व्हय," ते म्हणाले. "आता घाट झाला." मग म्हाळूंकडं वळून, "म्हाळूराव, पोरगी लई तिखट हाय तुमची." म्हाळूराव ही पदवी म्हाळूंना आयुष्यात पहिल्यांदाच मिळत होती. ते इतके गोंधळले की त्यांनी आप्पांना आणखी एक चहा देऊन टाकला.

पट्टी कॉम्प्युटरवर सपाट झाली तेव्हा दिसायला विचित्र होती: दोन्ही टोकांना निमुळती, मध्ये रुंद, आणि अख्खी कमानीसारखी वाकलेली. दोन्ही कडांवर दीक्षानं एक ते चाळीस अशा बारीक खुणा घातल्या. शिवताना या कडेची बारा त्या कडेच्या बाराला मिळाली पाहिजे, की वेढा बरोबर बसतो.

छपाईला ती दौंडला गेली. तिथं पप्पू म्हणून एक जण कबड्डीच्या जर्सी छापायचा. शिरूर-दौंडकडच्या निम्म्या संघांच्या पाठीवर त्याचेच नंबर. त्यानं पट्टी उलटसुलट करून बघितली.

"हे कुठल्या टीमचं?"

"निमोणे."

"प्लेयर किती?"

"चार बैल, एक घोडी."

पप्पूनं बारा वर्षांत चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही हे शिकून घेतलं होतं. त्यानं छापलं. पण गरम प्रेसखालून कापड निघालं ते लांबीत बोटभर आक्रसून, आणि खुणा घरी येऊन ललितानं जुळवल्या तर तेवीस सव्वीसशी भांडत होती. दीक्षा दुसऱ्या दिवशी परत दौंडला. पप्पू शांतपणे म्हणाला, "ताई, हे कापड लांबीत आक्रसतंच. जर्सीला आम्ही धरून चालतो. तुमच्या पायाचं मला काय माहीत?" तिनं तिथंच बसून लॅपटॉपवर पट्टी तेवढी वाढवली. चार वर्षं ती पडद्यावरच्या ताणाशी झुंजत होती. खरं कापड स्वतःच्या मर्जीनं ताणतं नि आक्रसतं, हे तिला त्या दिवशी एका जर्सीवाल्यानं शिकवलं, आणि तेही चहा पीत पीत.

शिवण ललितानं घातली. दीड दिवस लागला. "उभी शिवण माहीत हाय, आडवी माहीत हाय," ती मशीन थांबवून म्हणायची, "ही गरागरा फिरणारी कुठनं काढली? कापड संपंना आन् टोक सापडंना." पण तिचा हात असा की चाळीसच्या चाळीस खुणा जुळल्या. शेवटचा दोरा दातानं तोडून तिनं कव्हर आपल्या हातात कोपरापर्यंत चढवलं आणि मनगट फिरवून गाडा बघत बसली. लेक चार वर्षं काय करत होती ते तिला आत्ता समजलं. "आगं," ती म्हणाली, "ही तर बाहीच हाय."

"हो, आई," दीक्षा म्हणाली. "बाहीच आहे."

कव्हर चढवायला आप्पा ओव्हाळांच्या घरी आले, साखरबाईही आल्या. कव्हर घोट्यापासून वर सरकत गेलं आणि गोऱ्या पायावर लाल माती चढली, मातीवर चाक चढलं, बैल चढले. आप्पा उभे राहिले. वाकून बघायला लागले तर फक्त पुढचीच बाजू दिसायची. मागं वळून बघायला लागले तर पायही वळायचा आणि गाडा पुन्हा मागं. ते शेपटी धरायला निघालेल्या वासरासारखे जागच्या जागी फिरायला लागले. साखरबाईंनी पदर तोंडाला लावला. शेवटी दीक्षानं फोनवर शूटिंग करून दाखवलं. आप्पांनी ते तीनदा बघितलं, चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाले, "तुफानचा डावा कान खरंच असाच वाकडा हाय. ह्ये कसं धरलंस गं?" त्यांचा आवाज जरासा फुटला होता, म्हणून सगळे बाहेरच्या कोंबड्यांकडं बघायला लागले.

यात्रेच्या दिवशी आप्पा दोन वर्षांनी घाटात गेले. धोतर गुडघ्याच्या वर खोचलेलं. साखरबाई म्हणाल्या, "आवं, जरा खाली घ्या, लोकं बघत्यात." "बघायलाच घातलंय," आप्पा म्हणाले. आणि लोकांनी बघितलं. अडचण एवढीच की शर्यत बघायची तर आप्पांभोवती दोन फेऱ्या माराव्या लागायच्या, मान वर नेत नेत. तिकडं माईकवाला घसा फोडून पुढच्या बारीतल्या गाड्याचं नाव पुकारतोय, इकडं पंचवीस-तीस जण आप्पांभोवती गोल फिरतायत. फक्त खंडू नाराज होता. तो स्वतःला शोधत दोनदा फिरला आणि सापडला तेव्हा म्हणाला, "आप्पा, माझं त्वांड निमकं दुसऱ्या पायाकडनं का आलंय? मला कोण बघणार?"

"तू मागं नकोस बघू," आप्पा म्हणाले. "तू फुडं बघ. घोडी चालवतुयास."

दीक्षा त्या दिवशी लांब, मांडवाच्या कडेला उभी होती. दोन-तीन जणांनी तिला हात करून विचारलं, हे तूच केलंस ना? एका म्हाताऱ्यानं आपली काठी पुढं केली आणि हिच्यावर काय बसेल का म्हणून विचारलं. म्हाळू शेजारीच होते. दौंडच्याच कुणा पाहुण्यानं त्यांना विचारलं, "मुलगी काय करते तुमची?" म्हाळूंनी पाहुण्याचा हात धरला आणि त्याला आप्पांकडं घेऊन गेले.

कंपनीत दीक्षानं पिळाची चीर पुन्हा मांडली. या वेळी पडद्यावर अजगर नव्हता, आप्पांचा पाय होता. समृद्धीनं पाय दोनदा फिरवून बघितला, मग विचारलं, "हे कुठं तपासलंस?" "निमोण्यात," दीक्षा म्हणाली. चीर कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतली गेली. तिला काहीतरी भारदस्त इंग्रजी नाव मिळालं. पण टीममधली सारिका आणि इतर सगळे आपापसात तिला घाटच म्हणत. "या सोंडेला घाट मारू का?" असं कुणी विचारलं की दीक्षा मान खाली घालून हसायची.

दोन महिन्यांनी एका मंगळवारी खराडीत मोठी मीटिंग चालू होती. परदेशातले ग्राहक पडद्यावर, समृद्धी बोलतेय, आणि दीक्षाचा फोन टेबलावर थरथरायला लागला. एकदा, दोनदा, पाचव्यांदा. ती घाबरून बाहेर आली.

"पोरी!" आप्पा ओरडत होते. "बैल गेलं! चारी बी गेलं! खंडू बी गेला! पांढरंफटक झालंय सगळं!"

"आप्पा, काय झालं? कव्हर धुतलं होतं का?"

"हिनं धुतलं. म्या कवापासनं सांगतुय, साबण लावू नगंस—"

मागून साखरबाईंचा आवाज येत होता की साबण अंगाचाच लावला होता, त्याला काय होतंय.

"आप्पा, हात लावून बघा. शिवणीचा दोरा वर लागतोय का?"

फोनमधून कापड चाचपल्याची खसखस ऐकू आली.

"लागतुय."

"मग उलटं घातलंय तुम्ही. काढा, आतली बाजू बाहेर करा आणि परत चढवा."

फोन कुठंतरी ठेवल्याचा आवाज झाला. खुर्ची सरकली, आप्पा काहीतरी पुटपुटले, साखरबाई हसल्या. दीक्षा काचेच्या भिंतीला टेकून उभी राहिली. आत मीटिंगमध्ये तिचं नाव पुकारलं गेलं; तिनं हातानं खूण केली, एक मिनिट.

"आलं," आप्पा फोनवर परत आले. मग जरा वेळानं, आवाज खाली आणून, "म्हाळूरावांना सांगू नगंस."